माकडे अजून का आहेत? एका संदेशाचा प्रतिवाद

घोडबंदर रस्त्यापासून खारघरपर्यंतच्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात चार विधाने आहेत: माणूस माकडापासून झाला असता तर माकडे उरली नसती, दोन प्राणिगटांमधला दुवा कधीच सापडला नाही, उत्क्रांती आपल्या दशावतारांत आधीच सांगितली आहे, आणि शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने दहावीतून उत्क्रांतीचा भाग काढला, म्हणजे तो चुकीचा ठरला.

आजच्या माकडापासून माणूस झाला, असे जीवशास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेले व पुढे दोन्ही वंश वेगळे बदलत राहिले. चुलत भाऊ हयात आहे म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत. या नात्याची खूण गुणसूत्रांतही दिसते. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. माणसाचे दुसरे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाशी जुळून बनले असून, एरवी टोकांवर आढळणारी डीएनएची रचना त्याच्या आतल्या भागात आजही दिसते.

दुव्यांबाबतचे विधान तर सरळ चुकीचे आहे. मासे आणि चतुष्पाद (चार पायांचे प्राणी) यांच्यामधला प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळायला हवा, असा अंदाज आधी बांधून संशोधक कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर शोध घेत होते, आणि तेथे २००४ साली त्यांना टिकटालिक या प्राण्याचा जीवाश्म सापडला: खवले व कल्ले माशाचे, पण मान मोकळी आणि परांत मनगटासारखी हाडे. पाणी आणि जमीन यांच्या मधल्या अवस्थेत जगणे शक्यच नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी ही मासळी पाहावी. ती आपली पूर्वज नव्हे, मात्र असे जगता येते हे ती रोज दाखवते.

तिसरे विधान पहिल्या दोहोंशीच भांडते: उत्क्रांती खोटी असेल, तर ती आधी सांगितल्याचा अभिमान कशाचा? शिवाय कथेत मत्स्याचा वंश बदलत जाऊन कूर्म होत नाही. एकच विष्णू प्रसंगानुसार रूप घेतो. अवतारकथेला जीवशास्त्राचा तक्ता करण्यात, माझ्या मते, भाविकाचेच नुकसान अधिक आहे. श्रद्धा आणि उत्क्रांती एकाच माणसात नांदू शकतात. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राचे एक शिल्पकार थिओडोसियस डोब्झान्स्की ख्रिस्ती श्रद्धा बाळगून होते.

राहिला अभ्यासक्रम. एनसीईआरटीने दिलेले कारण विद्यार्थ्यांवरचा भार कमी करण्याचे होते, सिद्धांत खोटा ठरल्याचे नव्हे. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे प्रकरण कायम राहिले, आणि २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी या वगळणुकीला पत्राद्वारे विरोध केला. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आहे. वंचित राहतो तो एनसीईआरटीची पुस्तके वापरणाऱ्या सीबीएसई मंडळाचा, दहावीनंतर वाणिज्य शाखेला जाणारा विद्यार्थी, कारण त्याला हा विषय पुढे शाळेत भेटतच नाही.