मत माझंच आहे, सडेतोड!

‘सडेतोड’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

सिनेमा बघून बाहेर पडलं की आपण आधी फोन उघडतो, लोक काय म्हणतायत ते वाचतो आणि मगच तो आपल्याला आवडला की नाही ते ठरवतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे बोल: “बाईंना स्वतःचं मत नाही आणि खापर फेसबुकवर. १९९५ साली गणपतीला दूध पाजायला रांगा लागल्या, तेव्हा कुठे होतं फेसबुक? दाखलाही पोराटोरांच्या प्रयोगाचा. त्रास होत असेल तर फोन बंद करा.”

आधी किरकोळ गोष्टी. प्रयोगातली बहुतेक मंडळी कोवळ्या वयाची होती हे मी लिहायला हवं होतं. झालं समाधान? मात्र ‘पोराटोरांचा’ म्हणून झटकण्याआधी तो काय होता ते तरी बघायचं. २००६ साली ‘सायन्स’मध्ये आलेला प्रयोग आहे. अनोळखी बँडची ४८ गाणी, चौदा हजारांवर श्रोते, त्यांचे वेगवेगळे गट. आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हे दिसायला लागल्यावर गटागणिक वेगळीच गाणी वर गेली. फोन बंद करण्याच्या सल्ल्याला उत्तर देत बसत नाही.

पण “स्वतःचं मत नाही”? हे कोण म्हणतंय, तर ज्यांना स्वतःचं नावही द्यायचं नाही ते. माझं नाव, फोटो, गाव सगळं वर लिहिलेलं आहे. असो.

माझी सगळी नोकरी सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर झाली. सभासद पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडायचे. तिथे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के दाटीने पडलेले दिसले की पुस्तक थेट पिशवीत. चिठ्ठी कोरी असली की पुन्हा फळीवर, आत काहीही असो. एका कादंबरीच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने ‘भिकार’ लिहून ठेवलं होतं. ती परत करताना माणसं हटकून म्हणायची, “काही दम नाही हो.” एक दिवस मी खोडरबर घेऊन तो शब्द पुसून टाकला. नंतर दोघीतिघींनी तीच कादंबरी पुन्हा मागून नेली. तेव्हा ‘हे पूर्वीही होतं’ हे तुम्ही मला शिकवायची गरज नाही.

फरक एवढाच, की त्या प्रत्येक शिक्क्यामागे पुस्तक घरी नेणारा एक माणूस होता. आता शिक्का मारायला पुस्तक उघडावंही लागत नाही. २०१३ साली अशीच एक पाहणी प्रसिद्ध झाली. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रिया घेतल्या आणि त्यांतल्या काहींना टाकल्या टाकल्या एक खोटी पसंती देऊन ठेवली. त्यांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. खोटी नापसंती मात्र लोकांनी भरून काढली. म्हणजे निंदेपुढे आपण जरा थबकतो, कौतुकामागे मुकाट चालू लागतो.

राहिला गणपती. २१ सप्टेंबर १९९५ ला मीही रांगेत होते. चमचा सोंडेला लावला, दूध मूर्तीवरून खाली ओघळताना दिसलं, आणि तसं मोठ्याने म्हणाले. मागच्या बायकांनी मला जवळजवळ ढकलूनच पुढे काढलं. स्वतःचं मत नसलेली बाई ती हीच बरं का.

आणि तुमच्याच प्रतिक्रियेखाली काय चाललंय ते बघितलंत? तुम्ही येईपर्यंत सगळे ‘छान लिहिलंय’ म्हणत होते. तुम्ही आलात आणि ‘सहमत’, ‘+१’ यांची रांग लागली. सकाळी ‘अगदी मनातलं बोललात’ लिहिणाऱ्या ताईंनी रात्री जोड दिली, ‘तसं सडेतोड म्हणतात त्यातही तथ्य आहे.’ ताईंवर माझा राग नाही. तुम्हाला मात्र विचारते, लेख शेवटपर्यंत वाचला होता का? सिनेमाचा परिच्छेद वरून दुसराच आहे आणि तुमची सगळी चिडचिड तेवढ्यावरच दिसते. पुढच्या वेळी ‘बाईंना’ न म्हणता नावाने बोला.