महिना 600 रुपयांत कच्चं चिकन: त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी गिरगावात मावशीकडे गेले होते. कोकम सरबतासाठी बर्फ काढायला फ्रीजर उघडला, तर बर्फाच्या ट्रेवरच काळ्या पिशवीत कोंबडीच्या माना. पिशवीला खालून भोक पडलेलं आणि त्यातून गळलेलं गुलाबी पाणी ट्रेच्या दोन खणांत गोठून बसलेलं. "अगं, बबडीचं आहे ते," मावशी म्हणाली. बबडी म्हणजे तिची छोटी पॉमेरियन कुत्री. "आता तिला कच्चंच द्यायचं. शिजवलेलं बंद." आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

तो मेसेज बऱ्याच सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला कच्चं मांसच हवं, पाकिटातलं खाणं म्हणजे विष. पॉमेरियन, पग, शिहत्झू अशा छोट्या कुत्र्यांना वजनाच्या 2 टक्के पुरे, म्हणजे 5 किलोच्या कुत्र्याला रोज 100 ग्रॅम. माना, पाय, कलेजी-पेठा आणि थोडं चिकन मिळून 200 रुपये किलो धरलं, तर महिन्याच्या 3 किलोचे 600 रुपये. कुत्र्याच्या पोटातल्या आम्लात कुठलाच जंतू टिकत नाही, तरी शंका असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, मरतात. कच्ची हाडं बिनधास्त द्या. गोचिडांसाठी रोज एक लसणीची पाकळी द्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत, "डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत."

मावशी निवृत्त शिक्षिका आहे. काका गेल्यापासून घरात ती आणि बबडी. पेन्शनीत भागवायचं, त्यामुळे "600 रुपयांत" हे तिच्या नजरेत भरणारच. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं अशाच माणसांना गाठलंय, याचा मला राग आहे.

आधी लसूण, कारण ती आजच्या आज बंद व्हायला हवी. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एका पाकळीने लगेच काही दिसत नाही म्हणून माणूस देत राहतो. 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला जे पचून जाईल ते 5 किलोच्या जिवाला पचेलच असं नाही, आणि इथे तर रोज द्यायला सांगितलंय. गोचिडांसाठी डॉक्टरांकडे औषधं आहेत. लसणीने गोचीड जात नाहीत.

आता माना. सगळ्यात जास्त घाबरले ते यानेच.

मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अचानक लुळी पडलेली 27 कुत्री आणि तुलनेसाठी 47 निरोगी कुत्री त्यांनी तपासली. आजाराचं नाव ॲक्यूट पॉलिरॅडिक्युलोन्यूरायटिस. आधी मागचे पाय लटपटतात, मग पुढचे जातात, भुंकण्याचा आवाज बसतो, काहींना मानही उचलता येत नाही. बहुतेक कुत्री बरी होतात, पण त्याला आठवडे लागतात, कधी महिने. श्वासाचे स्नायू गेले तर कुत्रा मरतो. या आजारी कुत्र्यांपैकी 96 टक्के कच्चं चिकन खाणारी निघाली. निरोगी कुत्र्यांत हेच प्रमाण 26 टक्के होतं. आजार सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत ज्यांची विष्ठा तपासली त्यांच्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडण्याची शक्यता निरोगी कुत्र्यांच्या 9 पटींहून जास्त होती. हा जंतू कच्च्या कोंबडीत नेहमी सापडणारा. शरीर त्याच्याशी लढायला जातं आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतं, असा संशोधकांचा अंदाज. आणि तिथले लोक छोट्या कुत्र्यांना आवडीने काय घालतात? कोंबडीच्या माना. तोंडात मावतात म्हणून.

आजार दुर्मीळ आहे, हेही सांगते. कच्चं चिकन खाणारं प्रत्येक कुत्रं लुळं पडत नाही. पण ज्या गोष्टीचा फायदा कुणी सिद्ध केलेला नाही तिच्यासाठी हा धोका मी बबडीच्या माथी का मारू?

मावशीला हे ऑस्ट्रेलियातलं वाटलं, म्हणून मी तिला पुण्याची आठवण दिली. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन बारी सिंड्रोमचे, रुग्ण वाढले होते, तेव्हा ती रोज बातम्या बघून माझ्या पुण्याच्या बहिणीला फोन करायची. तिथे मुख्य संशय दूषित पाण्यावर होता, पण काही रुग्णांच्या तपासणीत सापडला तो हाच कॅम्पिलोबॅक्टर, आणि कच्चं-अर्धकच्चं चिकन टाळा अशा सूचना तेव्हा आल्या होत्या. जीबीएस हा माणसांचा आजार, कुत्र्यांचा हा त्याचाच भाऊ. "म्हणजे तेच ते?" मावशीने विचारलं. हो, बरंचसं तेच ते.

राहिला पोटातल्या आम्लाचा मुद्दा. आम्ल जहाल असतं, हे खरं. पण म्हणून जंतू टिकत नाहीत हे खोटं. 2002 साली कॅनडात एका छोट्या अभ्यासात कच्चं चिकन खाणाऱ्या 10 कुत्र्यांचं खाणं आणि विष्ठा तपासली. 8 जणांच्या खाण्यात साल्मोनेला हा जुलाब लावणारा जंतू होता आणि 3 जणांच्या विष्ठेत तो जिवंत बाहेर आला. कुत्री धडधाकट दिसत होती. घरासाठी हेच जास्त वाईट, कारण धडधाकट कुत्र्याला कुणी लांब ठेवत नाही. मावशीचा नातू दीड वर्षाचा आहे. शनिवार-रविवार तो तिच्याकडे असतो आणि बबडी त्याचं तोंड चाटते. मेसेजमध्ये घरातल्या लहान मुलाबद्दल एक ओळ नाही.

फ्रीजरने सगळे जंतू मरत नाहीत, उरलेले नुसते झोपतात. पिशवी ओट्यावर ठेवली आणि मुंबईच्या दमट हवेत तासाभरात बर्फ वितळून माना सुटल्या, की ते जागे होतात. पुरेशा थंडीत काही दिवस ठेवलं तर मांसातले काही परजीवी मरतात, एवढं मान्य. तिथेच तो विषय संपतो. गिरगावातल्या दोन खोल्यांत फ्रीज एकच, ओटा एकच, फडकंही एकच. त्या ट्रेमधला बर्फ माझ्या सरबतात पडणार होता.

हाडांबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार तुकडे पडतात, कच्चं त्या मानाने कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. पॉमेरियनचा घसा तो केवढा, आणि कुत्री बऱ्याचदा न चावताच गिळतात. अडकलं तर ऑपरेशन, आणि मग 600 रुपयांचा हिशेब कुठे राहिला?

लांडग्याचं उत्तर एवढंच. 2013 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की पिष्ट पचवायला लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात आणि कुत्र्यात 4 ते 30. हजारो वर्षं आपल्या दारातली भाकरी खाऊन तो कुत्रा झालाय. बबडीला भात पचतो, आणि तो तिला मनापासून आवडतो.

आता तो 600 चा हिशेब, कारण मावशी फसली ती इथे. 5 किलोच्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 300 ते 370 कॅलरी लागतात. छोट्या कुत्र्यांना किलोमागे मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त लागतात, म्हणजे 2 टक्क्यांचा नियम त्यांना मुळातच अपुरा. पाकिटातल्या 100 ग्रॅम कोरड्या खाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. पण कच्च्या मांसात तीन चतुर्थांश पाणी. बिनहाडाच्या, बिनकातडीच्या 100 ग्रॅम चिकनमध्ये मिळतात जेमतेम 120. मेसेजवाल्याने ग्रॅम जुळवले आणि कुत्र्याला एक तृतीयांश जेवणावर ठेवलं. माना-पायांत कातडीमुळे कॅलरी थोड्या वाढतात, पण वजनातलं बरंचसं हाड असतं. पोट भरायचं तर चिकन अडीच-तीन पट लागेल, म्हणजे 1500 ते 1800 रुपये. आणि तरीही ते पुरं अन्न नाही. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या 15-20 पट असतो, कुत्र्याला दोन्ही जवळपास सारखे, कॅल्शियम किंचित जास्त असे लागतात. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं मऊ होऊन मोडतात. स्वस्त म्हणून रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व साठत जातं, तो त्रास वेगळा.

पाकिटातलं सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही. नुसता रंग आणि भुसा विकणारेही आहेत. पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलंय का बघा आणि तसं मिळालं तर घ्या. 5 किलोच्या कुत्र्याला ते महिन्याला 3 किलोच्या आसपास पुरतं. घरचंच द्यायचं असेल तर बिनहाडाचं चिकन किंवा अंडं, भात, लाल भोपळा, सगळं शिजवून, मीठ-मसाला न घालता. त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं किती घालायची ते मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने नको. खासगी दवाखाना परवडत नसेल तर परळचं बैलघोडा हे प्राण्यांचं हॉस्पिटल आहे. आणि "डॉक्टर सांगणार नाहीत" म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नका, असं 2012 सालीच जाहीर केलंय.

माना आम्ही त्याच दुपारी दोन पिशव्यांत बांधून टाकल्या. उकळून द्यायचा विचार मावशीने केला होता, पण मग हाडं ठिसूळ होतात. ट्रे, फ्रीजरचा कप्पा, ओटा साबणाने धुतला, फडकं फेकलं. बबडीने त्या माना नऊ दिवस खाल्ल्या होत्या. आता मावशी रोज सकाळी तिला जिना चढायला लावून तिचे मागचे पाय बघते.

तुम्हीही हे सुरू केलं असेल तर तेच बघा. पाय लटपटताना दिसले, आवाज बसलेला वाटला, तर थंडी असेल, लचक असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि कच्चं चिकन घालत होतो हे त्यांना आधी सांगा. ओशाळून लपवू नका.