हरकत नोंदवून घेतली आहे

प्रारूप विकास आराखड्यावरील हरकतींची सुनावणी परवा झाली आणि तीत माझे म्हणणे मी खुर्चीवर नीट टेकण्यापूर्वीच संपले. हरकत साधी होती. आमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या भूखंडावर जुन्या आराखड्यात उद्यानाचे आरक्षण होते. नव्या नकाशात ते पिवळ्या रंगाखाली, म्हणजे निवासी विभागात, गडप झाले आहे.

खरी सुनावणी झाली ती बाहेरच्या बाकावर. शेजारच्या गृहस्थांनी नकाशाची घडी थेट माझ्या गुडघ्यांवर उलगडली आणि विचारले, “तुमच्या घरावरून रस्ता जातो का?”

“नाही,” मी म्हणालो, “सुदैवाने.”

“सुदैव कसले डोंबलाचे! माझ्याही घरावरून जात नाही, म्हणून तर हरकत घेतली आहे. हा पाहा अठरा मीटरचा रस्ता. शेजाऱ्याचे स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागचा गोठा कापत सरळ येतो आणि माझ्या कुंपणापाशी आला की वळतो. त्याने वळावे असे माझ्या घरात आहे तरी काय?”

रस्त्यात गेलेल्या जागेपोटी शेजाऱ्याला टीडीआर, म्हणजे इतरत्र वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळणार, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. भिंतीचा तडा, गळका कोपरा, कललेला जिना यांची छायाचित्रे ते मला अशा अभिमानाने दाखवू लागले, की उपवर मुलीचे गुण सांगणाऱ्या बापानेही संकोचावे. “इतके पाडण्याजोगे घर सबंध उपनगरात दुसरे दाखवा,” असे आव्हानही त्यांनी दिले.

माझी हरकत ऐकून मात्र त्यांना माझी कीव आली. “उद्यान? अहो, कलम १२७ वाचले नाहीत का?”

त्यांनी सांगितलेले सगळे खरे होते, हेच दुःख. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, की आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते, आणि लगतच्या जमिनीप्रमाणे तिथेही बांधकाम करता येते. हा पत्रव्यवहार मालक आणि प्राधिकरण यांच्यात चालतो. उद्यानाच्या भरवशावर समोर घर घेणाऱ्यांना त्याची कुणकुण लागते ती भूखंडाभोवती पत्रे उभे राहिल्यावर. मजले मंजूर करायला तिजोरीत पैसा लागत नाही, उद्यानाची जागा घ्यायला लागतो. त्यामुळे इमारती जमिनीवर उगवतात आणि शाळा, जलवाहिन्या व मलवाहिन्या नकाशातच वयात येतात. त्याच नकाशावर पुढे हरकती मागवल्या जातात आणि आम्हीही त्या तीन प्रतींत, सहपत्रांसह, इमानेइतबारे सादर करतो.

विभाग एकच असल्याने आम्हा दोघांना एकत्रच आत बोलावले. समितीचे सदस्य त्या तड्यांच्या छायाचित्रांवर ओणवे झाले. कोणी जिन्याचे वय विचारले, कोणी रस्त्याचे वळण पेन्सिलीने किंचित सैल करून पाहिले, आणि गृहस्थ प्रत्येक रेघेसरशी आशेने पुढे सरकत राहिले. मी उद्यानाचा ‘उ’ उच्चारताच “तुमची हरकत नोंदवून घेतली आहे” असे सांगून लिपिकाने सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर ‘हरकतदाराचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले’ हे वाक्य आधीच छापलेले होते. गृहस्थांनी मोठ्या मनाने मला स्वतःचे पेन दिले आणि रस्ता मिळाला तर हवेसाठी माझ्याकडे येत जा, असेही सुचवले.