अंड्यांचे ट्रे, एक इंची फोम आणि ‘कुठेही चिकटवा’

गाणं ऐकायच्या खोलीबद्दलचा एक संदेश गेले काही महिने फिरून फिरून माझ्याकडे येतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अंड्यांचे ट्रे किंवा एक इंची फोम चारही भिंतींवर कुठेही चिकटवा, जितका जास्त, तितका आवाज स्वच्छ, बेस कमी वाटला तर स्पीकर कोपऱ्यात सरकवा, शेजाऱ्यांची कटकटही बंद. यातला जवळजवळ प्रत्येक उद्योग मी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत करून बसलोय, म्हणून लिहितोय.

ट्रेचं आधी उरकतो. तो पातळ पुठ्ठा आहे. वरच्या पट्टीतला थोडा आवाज शोषतो, थोडा विखुरतो, बस्स. स्टुडिओतल्या फोमवर तसेच उंचवटे दिसतात म्हणून हा समज पसरला असावा. पण तिथे काम करतो तो फोम, उंचवटे नव्हेत. आमच्याकडे ट्रेमागे पंधरवड्यात झुरळं झाली, ते वेगळंच.

एक इंची फोमसाठी थोडा हिशेब लागतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खरज, म्हणजे त्याचा सर्वांत खालचा सूर, सुमारे ६९ हर्ट्झचा (सेकंदाला ६९ कंपनं), म्हणजे त्याची एक लाट जवळपास पाच मीटरची, माझ्या खोलीपेक्षा लांब. फोम, रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), गोधडी ही सगळी सच्छिद्र मंडळी हवेच्या हालचालीला घर्षणाने दमवतात. गंमत अशी की भिंतीला लागून हवा जवळजवळ हलतच नाही; ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव लाटेवर. खरजाच्या बाबतीत हे अंतर सव्वा मीटर भरतं. भिंतीला चिकटलेला इंचभर फोम त्याला काय अडवणार? त्याच्या हाती लागतात ते हजार हर्ट्झच्या आसपासचे आणि वरचे आवाज. म्हणून फोम लावून टाळी वाजवली की आधीची ‘टर्रर्र’ गेलेली असते, आपण खूश होतो, आणि खरज पूर्वीसारखाच घुमत राहतो.

मी शेवटी ५० मिलिमीटरचं रॉकवूल लाकडी चौकटीत बसवलं, वर मांजरपाट ताणलं आणि चौकटी भिंतीपासून चार बोटं पुढे टांगल्या. मागची ती मोकळी हवा फुकटात जाडी वाढवते. कापड निवडताना दुकानात तोंडाला लावून फुंकर मारून पाहिली: फुंकर आरपार गेली तर आवाजही जातो. दुकानदाराने मात्र माझ्याकडे जरा वेगळंच पाहिलं.

आता ‘कुठेही’. या शब्दाच्या पाठीशी खरं तर मोठं नाव उभं करता येतं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोलणं कळेनासं झालं, कारण आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची ५१२ हर्ट्झची नळी वाजवली आणि गाद्या वाढवत वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्याला आढळलं की गाद्या कुठे ठेवल्या याने फारसा फरक पडत नाही, किती ठेवल्या याने पडतो. मग संदेश बरोबरच की! नाही. ते मोठं सभागृह होतं आणि सूर मधला. अशा जागेत आवाज सगळीकडे सारखा मिसळतो. माझ्या बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज दोन भिंतींमध्ये उभा राहतो: भिंतींपाशी फुगलेला (हवा तिथे हलत नाही, पण दाबली जाते, आणि कानाला कळतो तो दाब), बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा. दहा फुटांच्या बाजूला हेच ५६ च्या आसपास घडतं. इथे जागा म्हणजेच सगळं.

हे पाहायला पैसे लागत नाहीत. मी खुर्चीच्या पायांशी मास्किंग टेप लावली, तानपुरा-तबल्याचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि खुर्ची अर्धा-अर्धा फूट पुढे सरकवत गेलो. डोकं मागच्या भिंतीला टेकलेलं असताना बायाँ, म्हणजे तबल्याचा डग्गा, नुसता धबधबत होता. दीड फूट पुढे आलो तर घिस्सा, म्हणजे डग्ग्यावर तळहात घासून काढलेला आवाज, ऐकू येऊ लागला, तो हाताने कसा ओढलाय तेसुद्धा. खोलीच्या मध्यावर पुन्हा पोकळ. त्या दीड फुटाने जे केलं ते आधीच्या सगळ्या फोमने केलं नव्हतं.

चौकटींची जागा आरशाने ठरली. मी खुर्चीत, चिरंजीव बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवतायत. आरशात जिथे स्पीकरचा ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा भोंगा) दिसला तिथे पेन्सिलने खूण. पहिलं परावर्तन तिथूनच येतं. दोन चौकटी तिथे गेल्या, दोन जाड चौकटी मागच्या कोपऱ्यांत तिरक्या उभ्या केल्या. एका वेळी एकच वस्तू हलवायची, हा नियम मात्र काटेकोर पाळला. नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळतच नाही, आणि खर्च केलेल्या वस्तूला श्रेय द्यायची आपली खोड असतेच.

‘जितका जास्त तितका चांगला’ हे तानपुऱ्यावर लगेच उघडं पडतं. चारही भिंती पातळ फोमने मढवल्या की जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकाराची, झळाळी मरते, कारण ती वरच्या स्वरांशांत असते. खरज तेवढा उरतो. घसा बसलेल्या माणसासारखी खोली. आणि स्वस्तातला पॅकिंगचा फोम तर नकोच नको. २००३ मध्ये अमेरिकेत, र्‍होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या नाइटक्लबात आतषबाजीने मंचाभोवतीचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. आमचं देवघर याच खोलीत आहे, समई रोज लागते.

कोपऱ्यातल्या स्पीकरचा बेस वाढतो, हे खरं. पण वाढतो तो खोलीचा लाडका बेस, रेकॉर्डिंगमधला नव्हे. उलट टोकालाही सापळा आहे: स्पीकर मागच्या भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर ठेवला तर भिंतीवरून परतलेली १०० हर्ट्झची लाट बरोबर उलटी येऊन थेट लाटेला खाते. मी ४० सेंटीमीटरवर थांबलो. तुमचा आकडा वेगळा येईल.

राहिले शेजारी. फोम खोलीतलं परावर्तन कमी करतो. आवाज बाहेर जायचा थांबवायला वजन लागतं आणि दाराखालची फट बुजवावी लागते. सगळी मांडणी झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “तबला आता छान स्पष्ट येतो हो आमच्याकडे.”