साखर उतरली तर काय करायचं, हेही सांगा

मधुमेहींच्या आहारावरच्या तुमच्या लेखात काय खाऊ नये याची यादी चांगली आहे, पण सत्तरीपुढच्या मधुमेहींना रक्तातली साखर एकदम उतरण्याचा धोका जास्त असतो, तो राहूनच गेला. ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असताना एकादशीला जेवण टाळलं की साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. उतारवयात घाम, थरथर जाणवेलच असं नाही. माणूस गोंधळतो, चिडतो, तोल जातो आणि घरचे म्हणतात, वय झालं! शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. आणि थकलेल्या आजी-आजोबांचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या आत आणायचा हट्ट कशाला? अशांना ८ पर्यंत चालू शकतं, डॉक्टरांना जरूर विचारा. ही माहिती मोठ्या अक्षरांत, मराठीत, औषधांच्या चिठ्ठीसोबतच मिळायला हवी.