तलावात मोरचूद ओतणं थांबवा

उन्हाळ्यात तलाव हिरवा झाला की ओरड होते आणि कुणीतरी शेवाळ मारायला मोरचुदाची (कॉपर सल्फेट) पोती आणून रिकामी करतं. पिण्याच्या तलावात तर हे अजिबात होऊ देऊ नका. ऑइलपेंट सांडल्यासारखा जो थर दिसतो, तो बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित जिवाणूंचा असतो. त्यांच्या पेशीत मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष असू शकतं. पेशी धड असेपर्यंत ते बहुतांशी आतच राहतं. मोरचुदाने पेशी फुटतात, विष पाण्यात विरघळतं आणि मग वाळूच्या फिल्टरला ते अडवता येत नाही.

तापमानवाढ इथे दोन बाजूंनी घात करते. वरचं पाणी तापून हलकं झालं की खालच्या गार पाण्यात मिसळत नाही. अशा निवांत पाण्यात बरीच इतर शेवाळं तळाला बसतात. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत मात्र वायूच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून तो वर येऊन सगळा उजेड स्वतःकडे ओढतो; २५ अंशांवरचं पाणी त्याला मानवतंही. तिकडे तळाचा प्राणवायू संपतो आणि गाळातल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस, म्हणजे या जिवाणूंचं खाद्य, सुटतो. त्यामुळे नवं सांडपाणी अडवलं तरी तलाव जुन्या साठ्यावर काही वर्षं हिरवा होत राहतो.

तरीही 'हवामानच बदललंय, काय करणार' हे मला मान्य नाही. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओत 'लेक २२६' या तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले. एकात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात तेच आणि शिवाय फॉस्फरस. हिरवा झाला तो फॉस्फरसचा भाग. ऊन दोन्हींवर सारखंच होतं.

उजनी धरणात भीमेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, तिथेही मुद्दा हाच. शुद्धीकरण केंद्राच्या अहवालात नुसता बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला किती प्राणवायू लागतो तो आकडा) पाहू नका, एकूण फॉस्फरसचा आकडा मागा. नेहमीच्या प्रक्रियेत तो बराचसा तसाच पुढे जातो. फेरिक क्लोराइड किंवा तुरटीची वेगळी मात्रा द्यावी लागते. पाणी तापत जाणार असेल तर हा आकडा आणखी खाली आणावा लागेल.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोत ईरी सरोवराच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन सापडलं, तेव्हा सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी उकळूनही पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळल्याने हे विष मरत नाही, पाणी आटून उलट दाट होतं. जलशुद्धीकरणात म्हणूनच क्रम महत्त्वाचा: कच्च्या पाण्यात आधी क्लोरीन नको. तुरटीने पेशी धड असतानाच खाली बसवा, गाळ लगेच काढा, विषाची शंका असेल तर सक्रिय कोळशाची पूड वापरा. क्लोरीन शेवटी, तेही सामू (pH) ८ च्या खाली ठेवून.

गावपातळीवर एक सोपी चाचणी आहे. वाऱ्याने थर लोटला जातो त्या काठावरून, हातमोजे घालून, काचेची बाटली पाऊण भरा आणि रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. हिरवा पट्टा वर आला तर बहुधा नील-हरित जिवाणू, तळाला बसला तर साधं शेवाळ. विष आहे की नाही हे यावरून कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. अहवाल येईपर्यंत त्या काठावर जनावरं पाण्यावर सोडू नका.