एअरबॅग, गॅस आणि वॉरंटी : केबिन फिल्टरविषयीची अनाठायी भीती

उकाडा वाढला की गाडीच्या एसीविषयीचे सल्ले सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरू लागतात. यंदा जो संदेश सगळीकडून येत आहे, त्यात मोटारीचा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा आणि सहसा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे बसणारा भाग, मालकाने स्वतः बदलू नये असे बजावले आहे. कारणे चार दिली आहेत : डॅशबोर्डचा कप्पा उतरवताना एअरबॅग फुटू शकते, एसीचा गॅस निघून जातो, वॉरंटी रद्द होते आणि फिल्टर उलटा बसल्यास एसी कायमचा निकामी होतो. शेवटी, खर्च टाळायचा तर जुना फिल्टर धुऊन वाळवून पुन्हा बसवावा आणि एसी ‘आतल्या हवेवर’ चालवला तर फिल्टर नसला तरी बिघडत नाही, असा सल्ला जोडला आहे. एवढ्या घातक म्हणून सांगितलेल्या कामात फिल्टर धुण्यासाठी तरी बाहेर कसा काढायचा, हे मात्र संदेशकर्त्याने सांगितलेले नाही.

एअरबॅगचा मुद्दा आधी घेतो, कारण लोक त्यालाच सर्वाधिक घाबरतात. १ एप्रिल २०२१ पासून भारतात नव्या मॉडेलच्या गाड्यांना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये काहीतरी स्फोटक दडले आहे याची जाणीव आता सर्वांना असते, आणि ती योग्यही आहे. परंतु ही एअरबॅग बसते कप्प्याच्या वर, डॅशबोर्डच्या माथ्याकडे, आणि ती उघडते टक्कर झाल्याचे सेन्सरने कळवल्यावर नियंत्रण यंत्रणेने पाठवलेल्या विद्युतप्रवाहाने. बहुतेक छोट्या गाड्यांत कप्पा उघडून, त्याच्या दोन्ही भिंती बोटांनी आत दाबल्या की अडकवणाऱ्या खुंट्या सुटतात आणि कप्पा खाली लोंबतो. या हालचालीत एअरबॅगच्या वायरींना स्पर्शही होत नाही. गाडी बंद करून किल्ली काढून ठेवावी आणि एअरबॅगच्या वायरींचा पिवळ्या रंगाचा जोड दिसल्यास त्याला हात लावू नये, एवढी काळजी पुरते. ज्या गाडीत फिल्टरपर्यंत पोहोचण्यासाठी डॅशबोर्डचेच भाग स्क्रू काढून सोडवावे लागतात, तिथे घरी प्रयोग करू नये हे मला मान्य आहे. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे तिच्यासोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत दोन मिनिटांत कळते.

गॅस निघून जाण्याचा मुद्दा त्याहून तकलादू आहे. एसीचा गॅस काँप्रेसर, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल यांना जोडणाऱ्या बंद नळ्यांतून फिरतो. फिल्टर या नळ्यांत नसून हवेच्या मार्गात, कॉइलच्या अलीकडे असतो. तो उपसल्यावर आत हात घातला, तर गाडीप्रमाणे ब्लोअरचा पंखा किंवा कॉइलच्या पातळ पट्ट्या हाताला लागतील. गॅसची एकही नळी उघडावी लागत नाही.

या जागी एक खरी अडचण आहे, जिचा संदेशात उल्लेखच नाही. गाडीत हवा शिरते ती पुढच्या काचेखाली, वायपरजवळच्या जाळीतून. माझी गाडी गुलमोहराखाली उभी असते, आणि गुलमोहराची पाने किती बारीक असतात ते सांगायला नको. पहिल्यांदा फिल्टर काढला तेव्हा त्याच्या घड्यांत त्या वाळक्या पानांचा चुरा, काळपट धूळ आणि एक कबुतराचे पीस असा ऐवज होता. मी घाईने फिल्टर तिरका ओढला, अर्धा कचरा खाली ब्लोअरमध्ये सांडला आणि पंखा सुरू करताच सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखा टरटर आवाज येऊ लागला. शेवटी घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालून तो कचरा काढावा लागला. तेव्हापासून मी फिल्टर आडवा, सपाट आणि सावकाश ओढतो. फिल्टर कुरतडलेला निघाला, तर उंदीर आत येऊन गेला आहे असे समजावे आणि नवा फिल्टर बसवण्याआधी त्याची वाट शोधावी.

वॉरंटीविषयी संदेशात सरसकट विधान आहे आणि ते तसे खरे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांच्या बाजारपेठेविषयीच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशात, ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्यावरून वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे म्हटले होते. पुढे या आदेशाविरुद्ध अपिले झाली आणि दंडाच्या रकमेवर बराच वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी, अनेक कंपन्या स्वतःच माहितीपुस्तिकेत फिल्टर काढण्याची कृती चित्रांसह छापतात. जे काम मालकाला करता यावे म्हणून चित्रे दिली, ते केल्याबद्दल इंजिनची वॉरंटी कशी जाईल?

फिल्टर उलटा बसल्याने एसी निकामी होत नाही. पण दिशेचा प्रश्न खरा आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फिल्टरच्या कडेवर बाण असतो आणि तो हवा कुठल्या दिशेने वाहते हे दाखवतो. बऱ्याच गाड्यांत हवा वरून खाली जाते, म्हणून बाण खाली हवा. काही फिल्टरांवर मात्र बाणाऐवजी वरची बाजू कोणती तेवढेच लिहिलेले असते, आणि तीच हवेची दिशा समजून लोक फिल्टर नेमका उलटा घालतात. जुना फिल्टर काढण्यापूर्वी मोबाईलवर एक फोटो घेतला की बराच घोळ टळतो, अर्थात आधीच्या माणसाने तो नीट बसवला असेल तर. याहून मोठी चूक मापाची असते. चौकटीत सैल बसणाऱ्या फिल्टरच्या कडेने हवा सरळ निसटते, आणि मग तो असून नसल्यासारखाच.

धुण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो काटकसरीच्या वेषात येतो. केबिन फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. त्याच्या कृत्रिम तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीचा पंचविसावा हिस्सा किंवा त्याहूनही सूक्ष्म धूळ, बऱ्याच अंशी त्या भारामुळे तंतूंना चिकटते. साबणाच्या पाण्याने हा भार जातो, घड्या पसरतात आणि पुठ्ठ्याची चौकट वाकते. कोळशाचा थर असलेल्या फिल्टरने शोषलेले वायूही नळाच्या पाण्याने सुटत नाहीत. पाने आणि माती गेल्यामुळे तो नव्यासारखा दिसतो, एवढेच. नवा फिल्टर येईपर्यंत दोन दिवस झटकून वापरला तर हरकत नाही. पण साधारण १५,००० किलोमीटर किंवा वर्षभरानंतर, आणि बांधकामाच्या धुळीत रोज फिरणाऱ्या गाडीत त्याआधीच, तो बदलणेच योग्य.

राहिली ‘आतली हवा’. बहुतेक गाड्यांत आतली हवा फिरवतानाही ती त्याच फिल्टरमधून जाते, शिवाय काचा बंद ठेवून चौघे जण घाटात तासभर आतल्याच हवेवर बसले तर कार्बन डायऑक्साइड वाढून चालकाला पेंग येऊ लागते आणि पावसाळ्यात काचांवर धुकेही धरते.

नवा फिल्टर बसवूनही एसी सुरू करताच ओल्या फडक्यासारखा वास येत राहिला, किंवा डावीकडच्या पायपुसण्याखाली पाणी साचू लागले, तर दोष फिल्टरचा नसतो. कूलिंग कॉइलवर बुरशी धरलेली असते किंवा तिचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. ते काम गॅरेजमध्ये नेऊनच करून घ्यावे.